पाइपवाल्यांची चव नेमकी कुणी बदलली?

नागपुरात पानठेल्यावर जाऊन नुसतं "एक खर्रा दे" म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजायचा. इथला माणूस सुपारी किती, तंबाखू कोणता, चुना कमी का जास्त, आणि पन्नीत टाकून किती घोटायचा, सगळं सांगतो. आणि पाच-सात वर्षांनी त्यालाच विचारा, फॉर्म्युला बदललेला असतो, पण तो शपथेवर सांगेल की माझी जीभ तीच आहे बाप्पा, मालच बिघडून राहिला.

पाइप ओढणारे लोकही हेच बोलतात, फक्त इंग्रजीत.

आमचे मोठे बाबा पाइप ओढायचे. वकिली करायचे, धरमपेठेत घर, आणि संध्याकाळी कूलरसमोर बसून पाइप भरायचा हा ठरलेला कार्यक्रम. आधी कॅपस्टन नेव्ही कट, मग कुणी परदेशातून येताना आणलं तर एरिनमोर (त्याचा डबा उघडला की अननसासारखा वास यायचा, आम्ही पोट्टे तेवढ्यासाठी जवळ बसायचो), आणि नंतर एक काळाकुट्ट, जळक्या लाकडासारखा वास येणारा तंबाखू, ज्यावर मोठी आई म्हणायची की हे ओढायचंच असेल तर गच्चीवर जा. ते म्हणायचे वयाबरोबर चव पिकते. मला तेव्हा पटायचं. नंतर या ब्लेंड्सचा, म्हणजे तंबाखूच्या मिश्रणांचा, इतिहास वाचत गेलो तेव्हा वाटायला लागलं की चव पिकते ते खरं असेल, पण दुकानात कोणता डबा असणार हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

सुरुवात आपल्याच बाजूने करू. तंबाखू पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला हे सगळ्यांना माहीत असतं, पण मुघल दरबारात तो दख्खनमधून गेला हे फार लोक सांगत नाहीत. असद बेग नावाचा अकबराचा माणूस विजापूरला गेला होता, तिथे त्याने तंबाखू पाहिला आणि येताना सजवलेल्या नळीसकट घेऊन आला, साल १६०४-०५ च्या आसपास. अकबराने दोन-चार झुरके घेतले, हकिमाने लगेच अडवलं की हे न तपासलेलं औषध आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली, आणि बंदीचं जे व्हायचं तेच झालं. हुक्का पसरला, त्यात गूळ घालून मळलेला तंबाखू आला, गुडाकू. म्हणजे तंबाखूच्या पानात गोड मिसळून त्याचा तिखटपणा मारायचा हा प्रकार आपल्याकडे जुनाच आहे. लक्षात ठेवा, पुढे हाच मुद्दा अमेरिकेत येतो.

पाइपच्या तंबाखूत खरं म्हणजे पानांचे प्रकार मोजकेच असतात. व्हर्जिनिया, बर्ली, ओरिएंटल, आणि मसाल्यासारखे थोडे थोडे घालायचे लाताकिया आणि पेरीक. बाकी सगळा खेळ प्रमाणाचा, आपल्या गोडा मसाल्यासारखा, प्रत्येक घराचा वेगळा आणि प्रत्येक घराला आपलाच खरा वाटणारा.

व्हर्जिनियाचा पिवळा रंग अपघाताने आला म्हणतात. १८३९ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅसवेल काउंटीत स्टीफन स्लेड नावाचा गुलाम तरुण पानं वाळवायच्या कोठारावर पहाऱ्याला होता, त्याला डोळा लागला, आग विझत आली, घाईत त्याने लोहारकामाचा कोळसा टाकला आणि त्या कोरड्या झळेने पानं पिवळीधमक झाली. झटपट वाळल्यामुळे साखर पानातच राहते, म्हणून व्हर्जिनिया गोड लागतो. मालाला भाव चांगला मिळाला तो मालकाला, हे सांगायला नकोच. हीच जात पुढे विसाव्या शतकात आंध्रात गुंटूरकडे आली आणि इतकी रुजली की १९७६ मध्ये टोबॅको बोर्डाचं ऑफिससुद्धा गुंटूरलाच झालं.

पांढरी बर्ली १८६४ ची, ओहायोतली. ही उलटी. सावलीत, हवेवर वाळवतात, साखर जवळजवळ उरत नाही, पण पान स्पंजासारखं असतं, जे ओताल ते पितं. मग अमेरिकन कारखान्यांनी ओतलंच, साखर, ज्येष्ठमध, कोको, रम. आला ना आपला गुडाकू? फक्त तो टिनच्या डब्यात आला आणि त्याला जाहिरात मिळाली. रेनॉल्ड्स कंपनीचा प्रिन्स अल्बर्ट १९०७ चा, बर्लीचाच, आणि अमेरिकेतल्या कितीतरी घरांत पाइपचा वास म्हणजे हाच.

इंग्लंडमध्ये मात्र वेगळंच. तिथे तंबाखूत भेसळ करायला कायद्याने मनाई होती, कारण तंबाखूवर कर वजनाने लागायचा आणि व्यापारी साखर-पाणी घालून वजन वाढवतील ही सरकारला भीती. नियम कराचा, पण परिणाम झाला चवीवर. साखर ओतता येत नाही म्हटल्यावर ब्लेंडरने करायचं काय, तर वेगळ्या पानांनीच चव आणायची. म्हणून धुरावलेला लाताकिया, तुर्की ओरिएंटल, लुइझियानात दाबाखाली पिंपात आंबवलेला पेरीक. आज ज्याला जगभर 'इंग्लिश ब्लेंड' म्हणतात आणि ज्याच्यावर जाणकार लोक डोळे मिटून बोलतात, त्याच्या मुळाशी एक कराचा नियम आहे. मला हे कळलं तेव्हा मी एकटाच हसलो.

आणि त्याच १९०७ मध्ये लंडनला ड्यूक स्ट्रीटवर आल्फ्रेड डनहिलने दुकान टाकलं. या दुकानाची गोष्ट नागपूरकराला लगेच कळेल. गिऱ्हाईक यायचं, सांगायचं मला असं असं हवं, ते तिथे मिसळून द्यायचे आणि फॉर्म्युला वहीत नंबर घालून लिहून ठेवायचे. 'माय मिक्स्चर' म्हणायचे त्याला. म्हणजे पुढच्या वेळी नुसता नंबर सांगायचा. त्यातलाच ९६५ नंबर पुढे डब्यात भरून जगभर विकला गेला. आपल्याकडे ठेल्यावर "एकशेवीसचा घोट" म्हणतात (एकशेवीस हा तंबाखूचा नंबर), ते काय वेगळं आहे? फरक इतकाच की तिथे वही होती आणि इथे ठेलेवाल्याचं डोकं.

लाताकियाचं जरा सविस्तर सांगतो, कारण मोठ्या बाबांचा तो काळाकुट्ट तंबाखू हाच. लाताकिया हे सीरियातलं बंदर. पानं लाकडाच्या धुरावर महिनोन् महिने टांगून ठेवायची, काळी पडेपर्यंत. त्याला इतकं लाकूड लागतं की सीरियात जंगलतोडीचा प्रश्न झाला, सरकारने चाप लावला, आणि हा धंदा सायप्रसकडे सरकला. तिथलं पान वेगळं, लाकूड-झुडपं वेगळी, म्हणून धूरही वेगळा. सीरियन लाताकिया वाइनसारखा आणि मऊ, सायप्रसचा जास्त चामड्यासारखा, असं दोन्ही ओढलेले सांगतात. आता ज्याने साठ सालानंतर पाइप हातात घेतला त्याला लाताकिया म्हणजे सायप्रसचाच वाटतो, आणि आधीचे म्हणतात आजकाल ती मजा नाही. दोघंही खरं बोलतात.

ओरिएंटलचंही तसंच. पहिल्या महायुद्धानंतर तुर्की साम्राज्य मोडलं, १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकसंख्येची अदलाबदल झाली, तंबाखू पिकवणारी कुटुंबं उचलून इकडची तिकडे केली. बाल्कन सोब्रानीसारख्या डब्यांवर यनिजे वगैरे नावं दिसतात ती त्या भागातल्या पानांची. डब्यावरच्या छोट्या अक्षरात केवढा भूगोल बसलाय बघा.

मग १९६४. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा सिगरेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवरचा रिपोर्ट आला आणि बरेच जण सिगरेट सोडून पाइपकडे वळले, धूर आत घेत नाही म्हणून हा बरा अशा समजुतीने (तोंडाचं काय, हे विचारायचं राहून गेलं). या नव्या लोकांना आणि त्यांच्या घरच्यांना जळकं लाकूड नको होतं. डच, डॅनिश आणि अमेरिकन कंपन्यांनी व्हॅनिला, चेरी, काळा कॅव्हेंडिश (वाफवून काळा आणि गोडसर केलेला तंबाखू) असे पाउच बाजारात ओतले. यातला बराच तंबाखू ओढणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेल्यासाठी बनवलेला असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

माणूस आपला आपण बदलतो तो रस्ताही ठरलेला आहे आणि त्याला कारणं शरीराची आहेत. नवीन पोरगा व्हॅनिलाने सुरुवात करतो कारण वास छान येतो. पण हा तंबाखू ओलसर असतो, वाफ तयार होते, घाईघाईने ओढलं की जीभ सोलल्यासारखी होते, आणि वासाइतकी चव काही लागत नाही. मग कुणीतरी लाताकिया देतं. त्यात साखर कमी, जीभ भाजत नाही, आणि चव अशी की आंधळ्यालाही कळावी. काही वर्षं तेच. मग एक दिवस तो धूर नकोसा होतो आणि माणूस साध्या व्हर्जिनियाकडे येतो, कारण आता त्याला सावकाश ओढता यायला लागलंय आणि त्यातली बारीक गोडी सापडते. डबा बंद करून पाच-दहा वर्षं ठेवला तर आतल्या आत आंबून तो आणखी मऊ होतो, लोणच्यासारखा, म्हणून हे लोक साठे करतात. काही जण शेवटी बर्लीवर येतात. आणि धुराने नाक-जीभ बोथट होते म्हणून अधिकाधिक कडक माल लागतो हेही त्यातच आलं, ते कुणी कौतुकाने सांगत नाही.

मोठ्या बाबांचा प्रवास जवळजवळ असाच, पण अर्धा त्यांच्या हातात नव्हता. उदारीकरणाआधी नागपुरात परदेशी डबा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची कृपा. त्यात आपला उन्हाळा, मे महिन्यात ४५ डिग्री, तंबाखूचा पापड व्हायचा. एकदा त्यांनी ओल राहावी म्हणून डब्यात संत्र्याचं साल टाकलं, आठ दिवसांत पांढरी बुरशी, अख्खं एरिनमोर फेकलं, आणि त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

पुढे डबेच जायला लागले. बेलफास्टचा मरे कारखाना २००५ मध्ये बंद झाला, एरिनमोर आणि डनहिल दोन्ही तिथले, दोन्ही डेन्मार्कला गेले. त्याच वर्षी बाल्कन सोब्रानी थांबला, काही वर्षांनी नाव परत आलं, पण बनवणारा दुसरा. २०१८ मध्ये डनहिलचं नाव पाइपच्या तंबाखूवरून गेलं, ते ब्लेंड पीटरसन या पाइपवाल्या कंपनीच्या नावाने आले. रेसिपी तीच म्हणतात. जुने लोक मानत नाहीत. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आली. सिगरेटवाला कोपऱ्यात पाच मिनिटांत उरकतो, पाइपला पाऊण तास लागतो, तो कुठे बसणार?

मोठ्या बाबांनी मात्र त्याच्या आधीच सोडला होता. दाताच्या डॉक्टरांना गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, तपासणीत सुदैवाने काही निघालं नाही, पण घरी येऊन त्यांनी पाइप कपाटात ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर संध्याकाळी चालत ठेल्यावर जायचे आणि बिनतंबाखूचं पान घ्यायचे, कात कमी, बडीशेप जास्त, गुलकंद नखाएवढा, लवंग बाहेरून नाही तर आत, रोज तेवढंच सांगायचे. दोन महिन्यांनी सांगायची गरज राहिली नाही, ते दिसले की ठेल्यावरचा पोरगा आतल्याला ओरडायचा, "वकीलसाहेबाचं लाव बे."