तिसरा यझ्दगर्द

तिसरा यझ्दगर्द : (कार. इ.स. ६३२–६५१). इराणच्या ससानियन घराण्याचा शेवटचा सम्राट. दुसऱ्या खुस्रोचा नातू. त्याची कारकीर्द एकोणीस वर्षांची, पण तिच्यातला बराचसा काळ माघार घेण्यात गेला.

या दुर्दैवाची मुळे आधीच्या पिढीत आहेत. खुस्रोने बायझंटिन साम्राज्याशी ६०२ ते ६२८ असे दीर्घ युद्ध करून खजिना आणि सैन्य दोन्ही झिजवले. ६२८ मध्ये मुलगा शिरोये याने त्याला पदच्युत करून ठार करवले आणि स्वतःच्या भावांनाही संपवले. साथीच्या रोगाने माणसे मेली ती वेगळीच. पुढच्या चार वर्षांत बोरान व आझरमीदुख्त या दोन राण्यांसह अनेकजण गादीवर आले नि गेले. राजवंशात पुरुष वारस जवळजवळ उरला नव्हता, म्हणून इस्तख्रमध्ये लपून वाढलेल्या यझ्दगर्दला सरदारांनी मुकुट घातला. त्याच्या सुरुवातीच्या नाण्यांवर चेहऱ्याला दाढी नाही. राजा पोरवयाचा होता. कारभार सेनापती रुस्तम फर्रुखझाद आणि प्रतिस्पर्धी सरदार घराण्यांच्या हाती होता.

अशा वेळी नव्याने इस्लामखाली एकवटलेले अरब इराणवर चालून आले. कादिसियाच्या लढाईत (सु. ६३६) त्यांनी रुस्तमला मारले आणि ‘द्रफ्श-ए-कावियानी’ हा राजध्वज हस्तगत केला. लगोलग राजधानी टेसिफोन पडली. तिथे सापडलेला, रत्ने जडवलेला प्रचंड गालिचा मदिनेला नेऊन तुकडे करून वाटून टाकल्याची हकीकत अरब इतिहासकारांनी नोंदवली आहे. नहावंदच्या पराभवानंतर (६४२) संघटित प्रतिकार संपला.

यझ्दगर्द इस्फाहान, इस्तख्र, कर्मान, सीस्तान असा पूर्वेकडे सरकत गेला. सोबत मोठा लवाजमा, आणि ज्यांच्याकडे आश्रय मागायचा त्यांच्याकडेच थकलेल्या महसुलाची मागणी! दैव फिरले होते हे खरे, पण हा हट्ट त्याला नडला, असे म्हणावे लागते. शेवटी तो मर्वला (आजच्या तुर्कमेनिस्तानात) पोहोचला. तिथला सुभेदार माहुये उलटला, आणि ६५१ मध्ये मर्वजवळच्या एका गिरणीत राजाचा खून झाला. गिरणीवाल्याने तो अंगावरच्या दागिन्यांच्या लोभाने केला की माहुयेच्या हुकमाने, याबद्दल परंपरांत एकमत नाही. अंत्यसंस्कार मर्वच्या ख्रिस्ती धर्मगुरूने केले. मुलगा पीरूझ मदतीसाठी चीनच्या तांग दरबारी गेला, पण राज्य काही परत मिळाले नाही.

मजेची गोष्ट अशी, की अरब अधिकाऱ्यांनीही आरंभी त्याच्याच नावाची, त्याच्या विसाव्या राज्यवर्षाची नाणी पाडली. फक्त कडेला ‘बिस्मिल्लाह’ घातले. ससानियन प्रथेत प्रत्येक नवा राजा आपल्या राज्यारोहणापासून वर्षे मोजायला लागे. यझ्दगर्दनंतर तसा राजाच झाला नाही, म्हणून १६ जून ६३२ पासूनची गणना तशीच चालू राहिली. पारशी समाजाचा यझ्दगर्दी शक तो हाच. मुंबईतले शहेनशाही पारशी ऑगस्टमध्ये नवे वर्ष साजरे करतात, ते याच शकाचे. इराणी सौर वर्ष वसंतसंपाताला सुरू होते. यझ्दगर्दी वर्ष मात्र ३६५ दिवसांचेच असून त्यात लीप दिवस नसतो, म्हणून त्याचा आरंभ ऋतूंच्या मानाने दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतो.