खोबऱ्यात खरंच कोलेस्टेरॉल असतं का?

‘खोबऱ्यात कोलेस्टेरॉल भरलेलं असतं, खोबऱ्याच्या वड्या बंद करा’ हा निरोप इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत वर्षानुवर्षं फिरतोय. पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात. पण कोलेस्टेरॉल मुख्यतः प्राणिज पदार्थांत असतं. खोबरं, कोको आणि पिकान (अक्रोडासारखा सुकामेवा) यांत ते जवळजवळ शून्य.

या तिन्हींच्या, म्हणजे चॉकलेट-खोबरं-पिकानच्या थरांच्या वडीत कोलेस्टेरॉल येतं तळाच्या बिस्किटचुऱ्यातल्या लोण्यातून आणि वर ओतलेल्या कंडेन्स्ड मिल्कमधून.

तरी खोबरं हवं तेवढं खा, असंही नाही. 100 ग्रॅम सुक्या खोबऱ्यात सुमारे 65 ग्रॅम चरबी, त्यातली बहुतेक संपृक्त (सॅच्युरेटेड). आणि ही जास्त झाली की यकृताला रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल काढून टाकणं जमत नाही तितकं. पिकानमध्ये चरबी आणखी जास्त, 72 ग्रॅमच्या आसपास, पण संपृक्त जेमतेम 6.

पडताळायचंय? इथल्या सियागंज बाजारातून आणलेलं खोबऱ्याच्या किसाचं पाकीट उलटं करा. मागच्या तक्त्यात कोलेस्टेरॉल आणि सॅच्युरेटेड फॅट या दोन्ही ओळी वाचा, मग लोण्याच्या पुड्यावरच्या. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यावर साखरही बघा: 100 ग्रॅममागे 50 ग्रॅमहून जास्त. माझ्या मते हात आखडायचा तो आधी तिथेच.