पंधरा नोंदींची पार्श्वभूमी : अमेरिकेतल्या मेडिकल प्रवेशअर्जातले ‘उपक्रम’

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी पदवी घ्यावी लागते आणि मग मेडिकलसाठी अर्ज. बहुतेक एमडी (ही तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजांसाठी तो ‘ॲमकॅस’ या एकाच सेवेतून जातो. त्यात मार्क असतात, एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेचा स्कोअर असतो, एक निबंध असतो आणि ‘काम व उपक्रम’ असा एक विभाग असतो. जास्तीत जास्त १५ नोंदी. प्रत्येकीला ७०० अक्षरं, त्यातही मोकळ्या जागा मोजून. त्यातल्या तीन ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात आणि त्यांच्यासाठी आणखी १३२५ अक्षरं मिळतात. किती तास केलं, कधीपासून, कुणाच्या देखरेखीखाली, हेही लिहायचं.

नीटच्या गुणांवर प्रवेश मिळताना पाहिलेल्या आपल्या घरांत या विभागाचं कोडं पडतं. मुलगी हुशार आहे, स्कोअर उत्तम आहे, मग वृद्धाश्रमात वाढलेलं जेवण आणि डॉक्टरांच्या मागे उभं राहून काढलेले तास कशाला मोजायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शंभर वर्षांच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास सगळाच अभिमानाचा नाही.

सुरुवात आपल्याच माणसापासून करता येते. २८ सप्टेंबर १८८३ रोजी न्यू जर्सीतल्या रोझेल गावातून आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकू की नाही याची खात्री नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. पण आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने इथवर आले, तो पुढेही उपयोगी पडेल, आणि पुरुष डॉक्टरकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांसाठी मला शिकायचंय, असं त्यांनी लिहिलं. कॉलेजने त्यांना घेतलं, मार्च १८८६ मध्ये त्या एमडी झाल्या. मला ते पत्र आजच्या त्या विभागाचं पूर्वरूप वाटतं. त्यात गुणपत्रिका नव्हती, पण हे माणूस इथे का आलंय ते स्पष्ट होतं.

त्या काळी अमेरिकेतली अनेक मेडिकल कॉलेजं निव्वळ फी भरणाऱ्याला घेत. अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका आणि कॅनडातली १५५ कॉलेजं पाहून १९१० मध्ये अहवाल दिला आणि तो धंदा उघडा पाडला. प्रयोगशाळा हव्यात, प्रवेशाआधी कॉलेजात विज्ञान शिकलेलं हवं, हे त्यानंतर रूढ झालं. वाईट कॉलेजं बंद पडली, पण कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच कॉलेजांनाही टाळं लागलं. हॉवर्ड आणि मेहॅरी एवढी दोनच उरली. १९२० च्या दशकात प्रश्न वेगळाच होता. काही कॉलेजांतून निम्मे विद्यार्थी अर्ध्यावर गळत. म्हणून १९२८ मध्ये मॉस यांची अभियोग्यता चाचणी आली. आजची एमकॅट तिचीच वंशज.

म्हणजे मार्कांची व्यवस्था उभी राहत होती. पण मार्कांवर प्रवेश दिला की कोण आत येतं, हे तेव्हाच्या डीनमंडळींना रुचेना. ईशान्येकडच्या शहरांत स्थलांतरित ज्यूंची मुलं परीक्षांत भराभर पुढे येत होती. मग अर्जांत ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’ हे शब्द वजनदार झाले. धर्म, वडिलांचा व्यवसाय, आईचं माहेरचं नाव असे प्रश्न आले, मुलाखती आल्या. येलच्या मेडिकल कॉलेजात अर्जांवर ज्यूंसाठी आणि कॅथलिकांसाठी खुणेची अक्षरं टाकत. १९३५ साली तिथे ५०१ अर्ज आले, ७६ जण घेतले गेले. अर्जदारांतले सुमारे २०० ज्यू होते. त्यातले पाच आत गेले. पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क न्यू यॉर्क विद्यापीठात शिकले, कारण तिथे ज्यूंच्या संख्येवर मर्यादा, म्हणजे कोटा, नव्हता.

हे वाचताना मला राग येतो. ‘फक्त मार्क नकोत, पूर्ण माणूस पाहू’ हे आज इतकं सुंदर वाटणारं वाक्य, त्याचा पहिला मोठा वापर दार लावून घेण्यासाठी झाला. उपक्रमांच्या रकान्याकडे संशयाने पाहणाऱ्या पालकांना मी म्हणूनच चूक म्हणत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे कोटे हळूहळू मोडले. त्या काळातल्या एमकॅटमध्ये समाजाच्या आकलनाचा वेगळा भाग होता, नंतर त्याचं ‘सामान्य माहिती’ झालं, आणि १९७७ मध्ये तोही वगळला गेला. परीक्षा विज्ञानाकडे झुकली. बाकीचं माणूसपण अर्जाने दाखवायचं होतं.

या सगळ्याला कायद्याची भाषा मिळाली ती डेव्हिसच्या खटल्यात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या मेडिकल कॉलेजात १०० जागा होत्या, त्यातल्या १६ अल्पसंख्य समाजांसाठी वेगळ्या ठेवलेल्या. ॲलन बाकी हा गोरा इंजिनिअर, मरीन या अमेरिकी लष्करी दलातून व्हिएतनामला जाऊन आलेला, तिशी ओलांडलेला. नोकरी सांभाळून त्याने मेडिकल प्रवेशाआधी लागणारे (प्री-मेड) विषय पुरे केले आणि संध्याकाळी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत विनावेतन काम केलं. १९७३ आणि १९७४, दोन्ही वर्षी त्याला नकार मिळाला. निकालपत्रात डेव्हिसची गुणदानाची पद्धत नोंदलेली आहे: मुलाखत, मार्क, एमकॅट, शिफारसपत्रं, उपक्रम आणि इतर वैयक्तिक माहिती पाहून प्रत्येक परीक्षक १०० पैकी गुण देई. ॲलन बाकीला पहिल्या वर्षी ५०० पैकी ४६८ मिळाले, दुसऱ्या वर्षी ६०० पैकी ५४९.

२८ जून १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राखीव १६ जागा रद्द केल्या आणि ॲलन बाकीला प्रवेश दिला. पण न्यायमूर्ती पॉवेल यांनी पुढचा रस्ताही आखला. वंश हा अनेक घटकांपैकी एक धरता येईल, असं सांगताना त्यांनी इतर घटकही मोजून दाखवले: कामाचा किंवा सेवेचा वेगळा अनुभव, नेतृत्वाची शक्यता, परिपक्वता, करुणा, प्रतिकूलतेवर केलेली मात, गरिबांशी बोलता येणं. आजच्या अर्जातले उपक्रमांचे प्रकार वाचा. काम, सेवा, नेतृत्व हे या यादीतले घटक तिथे भेटतात. एकच सामाईक अर्जही सत्तरच्या दशकातच रुळत गेला. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने २००७ मध्ये ‘समग्र’ पद्धतीचा प्रकल्प हाती घेतला. अनुभव, गुणवैशिष्ट्यं आणि आकडे यांना समतोलाने तोलायचं, हे त्याचं सूत्र.

२९ जून २०२३ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने वंशाचा घटक बाजूला केला. अर्जदार आपल्या आयुष्यावर वंशाचा काय परिणाम झाला ते लिहू शकतो, एवढी वाट उरली. साहजिकच या नोंदींवरचा भार वाढला.

भार वाढला की घाई वाढते. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये मराठी घरांतही नववीपासून तासांचे हिशेब सुरू होतात. इथे मला कळकळीने सांगावंसं वाटतं: ॲमकॅसच्या प्रकारांत पगारी काम आहे, लष्करी सेवा आहे, छंदही आहेत. उन्हाळ्यात किराणा दुकानाच्या गल्ल्यावर केलेली नोकरी ही खरी नोंद आहे, मराठी शाळेत लहानग्यांना शिकवलेले रविवारही. ओळखीच्या डॉक्टरकाकांच्या क्लिनिकमध्ये आठवडाभर बसणं हे मात्र ज्यांचे काका डॉक्टर आहेत त्यांनाच सहज मिळतं, आणि परीक्षकांना ते माहीत असतं. २०२४ च्या प्रवेशफेरीपासून अर्जात वेगळा प्रश्नही आला आहे: घर, पैसा, शिक्षण, समाज यांतल्या कोणत्या अडचणीतून तुम्ही इथवर आलात? उत्तराला १३२५ अक्षरं. आनंदीबाईंनी ज्याचं उत्तर रोझेलहून न विचारताच पाठवलं होतं, तोच हा प्रश्न.