वेदप्रामाण्यावरील आक्षेप

वेद हे धर्म-अधर्माच्या ज्ञानाचे स्वतंत्र व निर्दोष साधन (प्रमाण) आहेत, या मताविरुद्ध भारतीय दर्शनपरंपरेत मांडलेल्या युक्तिवादांचा समूह. ईश्वर नाकारणे आणि वेदप्रामाण्य नाकारणे या भारतात वेगळ्या गोष्टी आहेत. ‘नास्तिको वेदनिन्दकः’ ही मनुस्मृतीची (२.११) व्याख्या ईश्वराचा उल्लेखही करत नाही. जगत्कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक (वेदातील विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाचे अनुयायी) त्यामुळे आस्तिकांत मोडतात. इतकेच नव्हे, वेदांचे सर्वांत कडवे समर्थकही तेच. ‘वेद देवाने सांगितले’ हे न्यायदर्शनाच्या (तर्क व प्रमाणे यांचा विचार करणाऱ्या दर्शनाच्या) उत्तरकालीन मताला लागू पडते. मीमांसेनुसार मात्र ते कोणीच रचलेले नाहीत, ते अपौरुषेय आहेत. आक्षेपकांना या दोन वेगवेगळ्या आघाड्यांवर लढावे लागले.

ऋग्वेदातच ‘इंद्र नाही’ असे म्हणणाऱ्यांचे उल्लेख येतात (२.१२.५, ८.१००.३). परंतु ती शंका देवतेविषयी आहे, ग्रंथाविषयी नव्हे. वेदप्रामाण्यावरील आक्षेपाचा आरंभ तेथे शोधणे ओढाताणीचे ठरते.

कौत्साचे मत : मंत्रांविषयीचा सर्वांत जुना पद्धतशीर आक्षेप यास्काच्या निरुक्तात (वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा ग्रंथ, १.१५) आहे. यास्काचा काळ निश्चित नाही. तो सामान्यतः इ. स. पू. सातवे ते पाचवे शतक यांदरम्यान मानतात. ‘अनर्थका हि मन्त्राः’ (मंत्रांना अर्थ नाही) हे कौत्साचे मत यास्काने कारणांसह दिले आहे. मंत्रांतील शब्द व त्यांचा क्रम बदलता येत नाही, लौकिक वाक्यात तो बदलता येतो. पशूवर शस्त्र चालवताना त्याच शस्त्राला ‘याची हिंसा करू नकोस’ असे विनवले जाते. रुद्र एकच आहे असे एक मंत्र म्हणतो, तर पृथ्वीवर असंख्य सहस्र रुद्र आहेत असे दुसरा. ‘अम्यक्’, ‘जारयायि’, ‘काणुका’ यांसारख्या शब्दांचा अर्थच लागत नाही. यास्काने प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिले; शेवटच्या मुद्द्यावर, आंधळ्याला खांब दिसत नाही हा खांबाचा अपराध नव्हे, असा टोलाही मारला. हेच पूर्वपक्ष (खंडनासाठी मांडलेले प्रतिपक्षाचे मुद्दे) जैमिनीच्या मीमांसासूत्रांत (१.२.३१ पासून) कौत्साचे नाव न घेता येतात.

कौत्स खरोखर वेदविरोधक होता काय, याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक त्याला आद्य बुद्धिवादी ठरवतात. उलट, मंत्राचे सामर्थ्य उच्चारात आहे, अर्थात नाही, असे मानणारा तो कर्मठ याज्ञिक असावा, असे इतरांचे मत आहे. यास्क त्याच्याशी वेदांगाच्या (वेद समजण्यास साहाय्यक अशा निरुक्तासारख्या शास्त्राच्या) उपयोगाच्या चौकटीतच वाद घालतो, पाखंडी म्हणून त्याला झिडकारत नाही. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

तीन दोष : न्यायसूत्रांत (२.१.५७, काही आवृत्त्यांत क्रमांक वेगळा) वेदावर अनृत (असत्य), व्याघात (परस्परविरोध) व पुनरुक्त असे तीन दोष ठेवले आहेत. पुत्रकामेष्टी करूनही पुत्र होत नाही, हे अनृत. अग्निहोत्राची आहुती सूर्योदयानंतर द्यावी, सूर्योदयापूर्वी द्यावी, तारे मावळले पण सूर्य दिसत नाही अशा वेळी द्यावी, असे तीन विधी आहेत आणि तिन्ही वेळांची निंदाही आहे, हा व्याघात. सामिधेनी (यज्ञाग्नी प्रज्वलित करताना म्हणायच्या) ऋचा ११ असता पहिली व शेवटची तीन-तीन वेळा म्हणावी, हे पुनरुक्त.

उत्तरे अशी : फळ मिळाले नाही तर कर्म, कर्ता किंवा साधन यांत वैगुण्य असले पाहिजे, निंदा एक वेळ स्वीकारून मग ती मोडणाऱ्याची आहे, आणि पुनरुक्ती सप्रयोजन आहे, कारण तीमुळे ऋचांची संख्या आवश्यक तेवढी, म्हणजे १५, होते. दुसरे व तिसरे उत्तर समाधानकारक आहे. पहिल्याची अडचण अशी की, वैगुण्य फळ न मिळाल्यावरच अनुमानाने काढले, तर विधी खोटा ठरण्याची कोणतीही परिस्थिती उरत नाही. नैयायिकांचा स्वतःचा भर अखेर आप्ताच्या (विश्वसनीय वक्त्याच्या) प्रामाण्यावर आहे. मंत्र व आयुर्वेद यांचा प्रत्यय येतो, तसाच वेदाचाही मानावा, हा त्यांचा दाखला (२.१.६८).

अपौरुषेयत्वावरील वाद : प्राकृत मनुष्यांची नावे वेदांत येतात, मग ते अनादि कसे, असा आक्षेप मीमांसासूत्रांतच (१.१.२७–२८) नोंदवला आहे. ‘बबर प्रावाहणि’ हे त्याचे ठरलेले उदाहरण. बबर हा वाऱ्याच्या आवाजाचा अनुकार आणि प्रावाहणि म्हणजे वाहून नेणारा, असे सांगून मीमांसासूत्रांचा भाष्यकार शबर याने तो परतवला. ही व्युत्पत्ती कितपत पटते हे वाचकाने ठरवावे.

मीमांसक कुमारिलाचे (सु. सातवे शतक) अनुमान अधिक भक्कम आहे : आजचे वेदाध्ययन गुरूच्या अध्ययनानंतर होते, तसेच प्रत्येक वेदाध्ययन पूर्वीच्या अध्ययनानंतरच झाले असले पाहिजे. हे महाभारतालाही लागू होईल, ही शंका त्याने स्वतःच काढली व तेथे कर्त्याचे स्मरण आहे, असे उत्तर दिले. म्हणजे सगळी इमारत ‘कर्ता स्मरणात नाही’ या एका खांबावर उभी राहिली. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने नेमका तोच धरला. बौद्ध अष्टकादी ऋषींना, तर काणाद (वैशेषिक दर्शनाचे अनुयायी) हिरण्यगर्भाला (ब्रह्मदेवाला) कर्ता म्हणून स्मरतात, मग स्मरण नाही असे कसे म्हणता येईल? शिवाय अनादित्वानेच अपौरुषेयत्व येत असेल, तर म्लेच्छांचे आचार व नास्तिकांची वचनेही अपौरुषेय ठरतील. त्याचा तिसरा मुद्दा अर्थाविषयी आहे. शब्द आपला अर्थ स्वतः सांगत नाही. सांगणारा माणूसच असतो, आणि माणूस चुकतो. मग ‘स्वर्गकामाने अग्निहोत्र करावे’ याचा अर्थ ‘कुत्र्याचे मांस खावे’ असा नाही, याला प्रमाण काय?

बौद्धांनाही आगमाचा (शास्त्रवचनाच्या प्रामाण्याचा) प्रश्न चुकला नाही. इंद्रियांना व अनुमानाला पूर्णतः अगोचर अशा विषयांत प्रत्यक्षाशी, अनुमानाशी व स्वतःशी विसंगत नसलेले शास्त्र स्वीकारावे, असे धर्मकीर्ती म्हणतो; मात्र ते ‘अगत्या’, दुसरा इलाज नाही म्हणून. कुमारिलपक्षाचा उलट सवाल असा की, बुद्ध सर्वज्ञ आणि कपिल (सांख्य दर्शनाचा प्रवर्तक) नाही याला पुरावा काय, आणि दोघेही सर्वज्ञ तर त्यांच्यात मतभेद का?

चार्वाक : या जडवाद्यांचे मूळ ग्रंथ उपलब्ध नाहीत. ‘त्रयो वेदस्य कर्तारो भण्डधूर्तनिशाचराः’ (भांड, धूर्त व निशाचर हे तिघे वेदाचे कर्ते) हा सर्वपरिचित श्लोक चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रहात (विविध दर्शनांची मते मांडणाऱ्या ग्रंथात) येतो. तो प्रतिपक्षाच्या संकलनातून आलेला असल्याने प्राचीन चार्वाकांचा म्हणून बेतानेच वापरावा. त्याच प्रकरणात न्यायसूत्रांतील तीन दोष चार्वाकाच्या तोंडी आले आहेत.

महाराष्ट्र : ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात, वेद संपन्न खरा, पण तीन वर्णांच्याच कानी लागल्याने त्याच्याएवढा कृपण दुसरा नाही, अशी ओवी आहे. हा आक्षेप अधिकारावर आहे, प्रामाण्यावर नव्हे. एकोणिसाव्या शतकात प्रार्थनासमाजाने (१८६७) कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत मानण्याचे नाकारले, तर १८७५ मध्ये मुंबईतच स्थापन झालेल्या आर्यसमाजाने संहितांपुरते (वेदांच्या मंत्रभागापुरते) वेदप्रामाण्य पुन्हा ठामपणे मांडले. जोतीराव फुले यांनी ग्रंथप्रामाण्याचा प्रश्न कर्त्याच्या हितसंबंधांशी जोडला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये जातिनिर्मूलनासाठी शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धाच मोडली पाहिजे, असे प्रतिपादन केले.