सिएन्सियानो

सिएन्सियानो : पेरूच्या आग्नेय भागातील कुस्को या डोंगरी शहराचा व्यावसायिक फुटबॉल क्लब. पूर्ण नाव क्लब स्पोर्तिवो सिएन्सियानो. परंपरेने मानलेली स्थापना 8 जुलै 1901. दक्षिण अमेरिकी महासंघाची वरिष्ठ गटातील स्पर्धा जिंकणारा हा पेरूमधील एकमेव क्लब आहे. 2003 ची कोपा सुदामेरिकाना आणि 2004 ची रेकोपा सुदामेरिकाना अशी दोन विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. स्वदेशातील प्रथम श्रेणीचे वार्षिक अजिंक्यपद मात्र त्याला एकदाही मिळालेले नाही.

स्थापना व तिचा काळ : क्लबचा उगम कुस्कोच्या कोलेहियो नासियोनाल दे सिएन्सियास या विद्यालयात झाला, याविषयी एकमत आहे. या विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना शहरात ‘सिएन्सियानो’ म्हणतात आणि तेच नाव क्लबला मिळाले. पेरू स्वतंत्र झाल्यावर दक्षिण अमेरिकी स्वातंत्र्यलढ्याचा नेता सिमोन बोलिव्हार 1825 मध्ये कुस्कोला आला, तेव्हा त्याने वसाहतकाळातील सान बेर्नार्दो व सान बोर्हा ही विद्यालये एकत्र करून ही संस्था काढली.

अडचण तारखेची आहे. बोलिव्हारच्या हुकमावर 8 जुलै 1825 हा दिवस आहे आणि क्लबही आपला जन्मदिवस 8 जुलै हाच सांगतो. विद्यार्थ्यांनी शाळेच्या वर्धापनदिनाचा मुहूर्त साधून संघ उभा केला असेल, हे अशक्य नाही. त्या काळी शाळांच्या वार्षिक उत्सवात कवायती व खेळ असतच. परंतु मुले आधी नुसतीच खेळत असावीत आणि पुढे संस्थेचे कागदोपत्री रूप ठरवताना शाळेचाच दिवस क्लबलाही लावला गेला असावा, हेही तितकेच संभवते. शालेय संघातून निघालेल्या क्लबांच्या बाबतीत असे वारंवार घडलेले दिसते. म्हणून 1901 हे वर्ष ‘सुमारे’ या शब्दासह घेणे आणि 8 जुलैकडे स्मरणदिन म्हणून पाहणे अधिक सुरक्षित.

पेरूमध्ये फुटबॉल कसा पसरला याचे प्रचलित स्पष्टीकरण बंदरे आणि रेल्वे यांच्यावर आधारलेले आहे. राजधानी लिमा व तिचे बंदर काल्याओ येथील इंग्रज व्यापारी आणि खलाशी यांच्याकडून हा खेळ आला. लिमा आणि काल्याओ यांच्यात 1892 मध्ये झालेला सामना हा देशातील आरंभीच्या नोंदलेल्या सामन्यांपैकी एक मानतात. दक्षिणेत मोयेन्दो बंदरापासून आरेकिपापर्यंतचा लोहमार्ग 1871 च्या सुमारास सुरू झाला, पुढे तो पुनोपर्यंत गेला आणि 1890 पासून लंडनस्थित पेरुव्हियन कॉर्पोरेशनकडे त्याची व्यवस्था आली. आरेकिपातील खेळाचा प्रसार या मार्गाने चांगला उलगडतो. कुस्कोचा मात्र नाही, कारण आगगाडी कुस्को शहरात पोहोचली ती 1908 मध्ये. 1901 हे वर्ष खरे धरले, तर रुळांच्या आधी सात वर्षे कुस्कोत संघ उभा होता असे होते. मग खेळ आणणारे रेल्वेचे कर्मचारी नसून शिक्षक, प्रवासी किंवा लिमा-आरेकिपात शिकून परतलेले तरुण असावेत, असे मानावे लागते. दोन्ही पक्ष तोलता शाळेचा पक्ष जड वाटतो. क्लबचे नाव, त्याचा दिवस आणि त्याचे पहिले खेळाडू शाळेकडेच बोट दाखवतात. रेल्वेने फार तर नंतर प्रतिस्पर्धी आणून दिले.

यानंतरच्या सुमारे सहा दशकांत क्लबचे क्षेत्र कुस्को व आसपासच्या प्रांतापुरते राहिले. तसे राहण्याला पर्यायही नव्हता. 1912 मध्ये सुरू झालेली पेरूची लीग दीर्घकाळ लिमा आणि काल्याओ यांचीच होती. प्रांतांतील संघांना तिचे दार 1966 मध्ये उघडले आणि 1967 पासून कोपा पेरू या स्पर्धेमुळे देशभरातील हौशी संघांना वर चढण्याची वाट मिळाली. सिएन्सियानो 1970 च्या दशकात प्रथम श्रेणीत आला.

उंचीचा प्रश्न : कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मी. उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ दोनतृतीयांश भरतो. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तेच असते, पण दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासासोबत शरीराला कमी ऑक्सिजन मिळतो. जोरदार धावेनंतर दम परत यायला वेळ लागतो आणि सामन्याच्या उत्तरार्धात पाहुण्या संघाची गती पडते. शरीर या हवेला रुळण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. व्यावसायिक संघाला इतका अवधी मिळत नाही, म्हणून पुष्कळ संघ सामन्याच्या काही तास आधीच पोहोचतात. पहिल्या दिवसाची डोकेदुखी व मळमळ पूर्ण अंगात भिनण्याआधी खेळून निघून जायचे, हा त्यामागचा हिशेब.

चेंडूवरही परिणाम होतो, आणि त्याची चर्चा तुलनेने कमी होते. विरळ हवेत चेंडूला होणारा अडथळा कमी असल्यामुळे लांबून मारलेला फटका अपेक्षेपेक्षा वेगाने व दूर जातो. फिरकी दिलेला चेंडू मात्र त्याच कारणाने कमी वळतो. किनाऱ्यावर सराव केलेल्या गोलरक्षकाचा अंदाज चुकतो तो इथे.

मे 2007 मध्ये फिफाने 2,500 मी. पेक्षा अधिक उंचीवर आंतरराष्ट्रीय सामने घेण्यास मनाई केली. दक्षिण अमेरिकेतून विरोध झाल्यावर मर्यादा 3,000 मी. करण्यात आली. त्यातही कुस्को बसत नव्हतेच. 2008 मध्ये ही मनाई स्थगित झाली. उंचीवर खेळणे अन्याय्य असे किनारपट्टीचे क्लब म्हणत आले आहेत. डोंगरावरून उतरून लिमाच्या दमट हवेत किंवा अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील इकितोसच्या उष्म्यात खेळणाऱ्यांची तक्रार त्या मानाने क्वचितच ऐकू येते.

कोपा सुदामेरिकाना, 2003 : सिएन्सियानोच्या विजेतेपदाचे श्रेय अनेकदा उंचीलाच दिले जाते. निकाल पाहिले तर हे मत अपुरे ठरते. देशांतर्गत फेरीत अलियान्सा लिमाला बाजूला सारल्यावर चिलीच्या उनिव्हेर्सिदाद कातोलिकाविरुद्ध कुस्कोतील 4–0 असा विजय उपयोगी पडला, आणि तिथे उंचीचा वाटा असू शकतो. परंतु ब्राझीलच्या सान्तोसशी संघाने सान्तोसच्याच मैदानात, म्हणजे समुद्रकाठी, 1–1 अशी बरोबरी साधली व परतीचा सामना 2–1 असा जिंकला. उपान्त्य फेरीत कोलंबियाच्या अत्लेतिको नासियोनालला मेदेयीनमध्ये 2–1 आणि कुस्कोत 1–0 असे हरवले. अंतिम फेरीत गाठ अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटशी होती. मानुएल पेयेग्रिनी प्रशिक्षक असलेल्या या संघाविरुद्ध 10 डिसेंबर रोजी ब्वेनोस आयरेसमध्ये 3–3 अशी बरोबरी झाली.

दुसरा अंतिम सामना कुस्कोत होऊ शकला नाही. अंतिम फेरीसाठी किमान 40,000 प्रेक्षकक्षमता हवी असा महासंघाचा नियम होता आणि कुस्कोचे इन्का गार्सिलासो दे ला वेगा मैदान तेव्हा त्यात बसत नव्हते. सामना आरेकिपातील सान आगुस्तीन विद्यापीठाच्या मैदानावर नेण्यात आला. आरेकिपाची उंची सुमारे 2,300 मी. आहे, म्हणजे कुस्कोहून हजारभर मीटर कमी. 19 डिसेंबर 2003 रोजी 78 व्या मिनिटाला पॅराग्वेच्या कार्लोस लुगोने फ्री किकवर गोल केला आणि सामना 1–0 असा सुटला. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा सिएन्सियानोचे नऊच खेळाडू मैदानात होते. ज्या शहरासाठी करंडक जिंकला त्या शहरात अंतिम सामन्याचा एकही क्षण खेळला गेला नाही, ही गोष्ट कुस्कोकर अजून काहीशा नाराजीने सांगतात.

प्रशिक्षक फ्रेडी तेर्नेरो (1962–2015) हा लिमाचा, पेरूचा माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू. ‘सी से पुएदे’, म्हणजे ‘जमतं की’, ही घोषणा त्याच्या नावाशी जोडली गेली. पुढे त्याने राष्ट्रीय संघालाही काही काळ मार्गदर्शन केले आणि लिमातील सान मार्तिन दे पोरेस जिल्ह्याचा तो महापौर झाला. संघाची रचना अनुभवी खेळाडूंवर बेतलेली होती. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे 6 गोल करणारा हेर्मान कार्ती तेव्हा 35 वर्षांचा होता आणि अर्जेंटिनात जन्मून पेरूचे नागरिकत्व घेतलेला गोलरक्षक ओस्कार इबान्येसही पस्तिशी ओलांडलेला होता. मोठ्या क्लबांनी वयामुळे सोडलेले खेळाडू एकत्र करणे हे प्रांतीय क्लबांचे नेहमीचे धोरण, आणि ते इतके फळल्याचे दुसरे उदाहरण पेरूत नाही.

रेकोपा सुदामेरिकानाचा, म्हणजे खंडातील दोन प्रमुख क्लब स्पर्धांच्या विजेत्यांमधला, सामना 7 सप्टेंबर 2004 रोजी अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेल येथे अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सशी झाला. अखेरच्या मिनिटांत रोद्रिगो साराझने 1–1 अशी बरोबरी साधून दिली आणि पेनल्टी फटक्यांवर सिएन्सियानो 4–2 असा विजयी झाला. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरील हे शहर जेमतेम समुद्रसपाटीवर आहे, याचा उल्लेख उंचीवादी सहसा करीत नाहीत.

राष्ट्रीय स्पर्धेतील कामगिरी : पेरूच्या लीगमध्ये त्या काळी वर्षाचे दोन भाग, आपेर्तुरा व क्लाउसुरा, स्वतंत्रपणे मोजले जात आणि दोन्ही विजेत्यांमध्ये अंतिम लढत होई. सिएन्सियानोने 2001 व 2006 ची क्लाउसुरा आणि 2005 ची आपेर्तुरा जिंकली, तिन्ही वेळा अंतिम लढत हरली. 2001 मध्ये अलियान्सा लिमाविरुद्ध पेनल्टी फटक्यांवर, 2005 मध्ये स्पोर्तिंग क्रिस्तालविरुद्ध आणि 2006 मध्ये पुन्हा अलियान्सा लिमाविरुद्ध. 2015 अखेर संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. 2019 मध्ये त्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून तो 2020 पासून प्रथम श्रेणीत परतला.

मैदान व प्रतिस्पर्धी : कुस्कोत जन्मलेल्या सोळाव्या शतकातील इतिहासकाराचे नाव दिलेले इन्का गार्सिलासो दे ला वेगा मैदान 2004 च्या कोपा अमेरिका या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेसाठी वाढवण्यात आले. त्या स्पर्धेतील तिसऱ्या स्थानाचा उरुग्वे-कोलंबिया सामना तेथेच झाला. संघाचा पोशाख लाल असून ‘फुरिया रोखा’, म्हणजे लाल संताप, आणि ‘एल पापा’, म्हणजे बाप, ही त्याची लाडकी नावे आहेत. जुना स्थानिक प्रतिस्पर्धी देपोर्तिवो गार्सिलासो. त्याचीही मुळे एका विद्यालयातच आहेत, त्यामुळे ‘क्लासिको कुस्केन्यो’ म्हणून ओळखली जाणारी ही लढत मुळात दोन शाळांमधली चुरस आहे. 2009 मध्ये स्थापन झालेला रेआल गार्सिलासो हा नवा क्लब आता कुस्को एफसी या नावाने खेळतो.