गाडी मिसिंग मारते : कॉइल गेली की प्लग?

गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरतं, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओढण्याऐवजी झटके देतं. एखाद्या सिलिंडरमधलं मिश्रण पेटत नाही किंवा अर्धवट पेटतं, तेव्हा गाडी अशी मिसिंग मारते.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो. म्हणजे ३००० आरपीएमला एका प्लगला सेकंदाला २५ ठिणग्या लागतात. ही ठिणगी पाडणारं व्होल्टेज इग्निशन कॉइल देते. तिच्या पहिल्या म्हणजे प्रायमरी वाइंडिंगमधला करंट एकदम तोडला की दुसऱ्या, सेकंडरी वाइंडिंगमध्ये हजारो व्होल्ट उठतात. किती, ते प्लग ठरवतो. प्लगच्या टोकांमधली फट म्हणजे गॅप झिजून वाढली की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते रोज पुरवता पुरवता कॉइलचं इन्सुलेशन फुटतं. कॉइल मेली तरी मारेकरी बऱ्याचदा जुना प्लगच असतो. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, मागणी आणखी चढते. म्हणून कमकुवत कॉइल आधी चढावर उघडी पडते. फक्त आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, मिसिंग असेल, तर आधी इनटेकची हवागळती तपासा.

गाडीचे बिघाड-कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०३०० म्हणजे मिसफायर एका सिलिंडरपुरता ठरत नाही; पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा. इंजिनच्या कॉम्प्युटरला म्हणजे ईसीयूला हे क्रँकशाफ्टच्या वेगातल्या बारीक चढउतारावरून कळतं. त्याला फक्त धक्का चुकल्याचं समजतं, कारण नाही. त्यामुळे कोड पाहून थेट नवी कॉइल घेऊ नका.

समजा कोड पी०३०२ आला आहे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर दुसरी आणि तिसरी कॉइल अदलाबदल करा. कोड पुसा, गाडी लोडवर चालवा. कोड पी०३०३ झाला, तर दोष कॉइलसोबत गेला. पी०३०२ च राहिला, तर प्लगचीही तशीच अदलाबदल करून बघा. मग कनेक्टर आणि वायरिंग, इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन. मल्टिमीटरवर फार विसंबू नका: गार असताना चोख रीडिंग देणारी कॉइल तापल्यावर दगा देते, आणि आत करंट चालू-बंद करणारं ड्रायव्हर सर्किट असलेल्या कॉइलची प्रायमरी तर नुसत्या ओममध्ये मोजताच येत नाही.

काढलेला प्लग उजेडात फिरवून बघा. पांढऱ्या पोर्सेलीनवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी बाहेरूनच घसरत होती. तशीच रेघ बहुधा प्लगवर चढणाऱ्या कॉइलच्या रबरी नळीच्या, म्हणजे बुटाच्या, आतही सापडते. मग प्लग आणि बूट दोन्ही बदलायचे. प्लगच्या खळग्यात ऑइल साचलं असेल तर आधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा ट्यूब सील बदला, नाहीतर ते ऑइल नव्या कॉइलचं रबरही फुगवेल.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर जोर न देता सुरक्षित जागी गाडी थांबवा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. ती कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडते.

नवा प्लग आधी हाताने फिरवत बसवा. आटे तिरके धरले तर ॲल्युमिनियमचं हेड खराब होतं. मग मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, आणि कॉइलचा कनेक्टर ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेला कनेक्टरही मिसिंग मारतो.