रिपोर्ट नॉर्मल, मंग दुखते काऊन?

यवतमाळहून सेवाग्राम, सेवाग्रामहून नागपूर. पिशवीत एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, आणि ओठांवर एकच प्रश्न: ‘समदं नॉर्मल हाय म्हन्तेत, मंग दुखते काऊन?’ प्रश्न रास्त आहे. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणून त्याची बोळवण करणं मला तरी पटत नाही.

अशा रुग्णांपैकी काहींना सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर, म्हणजे शारीरिक लक्षणांच्या अतिकाळजीचा विकार, असतो. अमेरिकी मनोविकार संघटनेनं 2013मध्ये त्याचे निकष मांडले. रिपोर्ट कोरा आला म्हणून हे निदान होत नाही. त्रासदायक शारीरिक लक्षण, त्यापायी प्रमाणाबाहेर भीती, विचार किंवा धावपळ, आणि हे साधारण 6 महिन्यांहून अधिक चाललेलं, असं चित्र असावं लागतं. म्हणजे सिद्ध झालेल्या हृदयरोगासोबतही तो असू शकतो. यात सोंग नसतं, वेदना खरी असते.

शरीराकडून काय संदेश येईल, याचा मेंदू आधीच अंदाज बांधत असतो. रात्री जागलीवर बसलेल्याला रानडुकराच्या धास्तीनं पाचोळ्याची सळसळही मोठी ऐकू येते. भ्यालेल्या मेंदूला छातीतली साधी धडधड तशीच जाणवते.

पण शिक्का मारायची घाई नको, आपल्याकडे तर मुळीच नको. गडचिरोली-चंद्रपूरकडे सांधे ठणकतात ते सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारानंही. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड हाडं दुखवतं. रक्त कमी असणं, थायरॉइड, हेही आधी पाहावं.

उपचाराचा कणा म्हणजे एकच डॉक्टर आणि 4 ते 6 आठवड्यांनी ठरलेली तारीख, त्या दिवशी दुखो न दुखो. दुखलं तरच डॉक्टर भेटणार असेल, तर लक्ष दुखण्यावरच खिळून राहतं. दर भेटीत हात लावून तपासणी व्हावी; नव्या चाचण्या मात्र नवं लक्षण दिसलं तरच. वजन घटणं, ताप, रक्तस्राव यांकडे अर्थातच दुर्लक्ष नको. ‘एक सलाईन लावून द्या’ या हट्टाला डॉक्टरांनी नम्रपणे नाही म्हणावं. विचार-वर्तन उपचार (भीतीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा बोलण्यातून होणारा उपचार), हळूहळू वाढवलेलं चालणं आणि काहींना नैराश्यावरच्या गोळ्या यांचा उपयोग होतो. ‘म्हणजे मला येडा ठरवलं का?’ हा राग गोळी लिहिण्याआधीच ऐकून घ्यावा, नाहीतर गोळी पिशवीतच राहते.

मला सगळ्यात कामाचा वाटतो तो साधा प्रश्न: ‘दुखलं की काय होईल असं वाटतं?’ कधी उत्तर येतं, ‘भाऊ असाच छातीत कळ येऊन गेला.’ मग बोलण्याची दिशाच बदलते. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.